गोल टोकांचं ठळक तिरकं अक्षर

खेळण्याच्या खोक्यावरचं एखादं जाड, उजवीकडे कललेलं, टोकं घासून गुळगुळीत केल्यासारखं रोमन अक्षर बोटाने गिरवून पाहा. कुठेच काही बोचत नाही. फिरत्या पात्याने पाटीवर अक्षर कोरलं की त्याची टोकं आपसूक गोल होतात. निऑनच्या काचनळीलाही टोकदार कोपरा जमत नाही. १९७९ मध्ये फोक्सवागेनसाठी घडवलेला ‘व्हॅग राउंडेड’ हा अशा गोल टंकांतला गाजलेला. पुढे अ‍ॅपलच्या कळफलकांवर तो कित्येक वर्षं होता.

असा टंक तिरका करणं मात्र सोपं नाही. संगणकावर उभं अक्षर नुसतं कलवलं, तर ‘ओ’ची वरची उजवी आणि खालची डावी बाजू जाडावते, उरलेल्या दोन बाजू बारीक पडतात. टोकाचं अर्धवर्तुळ अंड्यासारखं होतं. म्हणून जाणता अक्षररचनाकार प्रत्येक वळण दुरुस्त करतो, टोकं पुन्हा गोल करतो. कल बहुधा ८ ते १२ अंशांचा. त्यात अक्षर ठळक, म्हणजे छोट्या ‘ई’च्या पोटातली पांढरी जागा बुजायला लागते. ती राखण्यातच खरं कसब आहे, असं मला वाटतं.

खेळणी, आइस्क्रीम, खेळाचे बूट, जिथे वेग आणि मऊपणा एकत्र हवा, तिथे हा टंक खुलतो. तोही एखाद्या मोठ्या शब्दापुरता. औषधाच्या वेष्टनावरच्या बारीक सूचनांसाठी तो वापरूच नये. तिथे ‘सी’, ‘ई’ आणि ‘ओ’ एकसारखे दिसू लागतात.