तबकडी गेली, हात राहिला

२०१० साली पॅनासॉनिकने टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलचं उत्पादन थांबवलं आणि संगीताच्या मासिकांत भराभर मृत्युलेख लिहून झाले. १९७२ मध्ये जपानात जन्मलेल्या या यंत्राचे तोवर सुमारे ३५ लाख नग विकले गेले होते. कंपनीने दिलेली कारणं हिशेबी होती: मागणी घटली, सुटे भाग मिळेनात. डीजेंनी रेकॉर्ड सोडून लॅपटॉप आणि यूएसबी धरल्याची ही अधिकृत पावतीच, असं सगळ्यांनी मानलं. गेल्या पन्नासेक वर्षांचा हिशेब आज मांडताना मला मात्र चित्र थोडं निराळं दिसतं. रेकॉर्डवर ठेवलेल्या हाताची सवय ज्या डिजिटल यंत्राने सांभाळली, तेच क्लबांत टिकलं. आणि जिथे ती सवय कधी लागलीच नव्हती, तिथे संगीताने स्वतःचा घाट बदलून घेतला.

ही सवय जरा जवळून बघू. पूर्वीच्या अनेक टर्नटेबलांत मोटर रबरी पट्ट्याने थाळी फिरवायची. हाताने अडवलं की पट्टा ताणायचा, सोडल्यावर पुन्हा वेग धरायला वेळ लागायचा. मात्सुशिताचे (पॅनासॉनिकचं तेव्हाचं नाव) अभियंते शुइची ओबाता यांनी मोटर थेट थाळीखाली आणली. १९७९ च्या एमके२ मध्ये क्वार्ट्झचं नियंत्रण आलं आणि वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी लांब सरकपट्टी आली. थाळी आणि रेकॉर्डच्या मध्ये फेल्टचा गुळगुळीत गोल तुकडा घालायचा. खाली थाळी फिरत राहते आणि वर बोटांनी रेकॉर्ड जागच्या जागी धरता येते. एका कानावर हेडफोन, दुसरा कान हॉलमध्ये वाजणाऱ्या गाण्याकडे. ठोका सापडला की बोटं उचलायची. नवं गाणं मागे पडतंय असं वाटलं तर लेबलापाशी हलकेच पुढे रेटायचं, पुढे पळत असेल तर थाळीच्या कडेला बोट टेकवायचं. दोन गाण्यांचे ठोके एकमेकांवर बसवण्याची सगळी विद्या या दोन हालचालींत आहे, आणि ती अंगवळणी पडायला महिनोन्‌महिने लागतात.

गोव्यात ही विद्या फारशी रुजलीच नाही. हणजुण, वागातोरच्या किनाऱ्यांवर रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांत ऐंशीच्या दशकात कॅसेटी वाजत होत्या. ऊन, धूळ, खारट हवा यांत रेकॉर्डी वाकायच्या. शिवाय त्यांचं ओझं वाहायचं कुणी? १९८७ मध्ये सोनीची डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप आली. काडेपेटीहून थोडी मोठी ती टेप खिशात मावायची आणि तिची नक्कल मुळाइतकीच स्वच्छ निघायची. युरोपातल्या स्टुडिओत तयार झालेलं, अजून कुठे प्रकाशितही न झालेलं गाणं डॅटवरून डॅटवर उतरत मित्रामित्रांत फिरायचं आणि पुढच्या पार्टीला किनाऱ्यावर वाजायचं. म्हणजे लंडन-न्यूयॉर्कचे डीजे रेकॉर्डच्या पेट्या उचलत होते, तेव्हाच चटया अंथरून, रॉकेलचे दिवे लावून चहा-ऑम्लेट विकणाऱ्या गोंयकार बायकांच्या शेजारी डिजिटल संगीत वाजत होतं. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे कोपऱ्यातलं पान आहे, पण माझ्या मते तेच सगळ्यांत मजेचं.

कारण डॅटला अडचण मोठी होती. त्या यंत्रांवर वेग बदलायची सोय नसायची, टेपला बोट लावता येत नसे. ठोक्यावर ठोका बसवणं अशक्यच. मग गाणीच तशी बनू लागली. सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याविना लांबलचक तरंगते सूर ठेवायचे, म्हणजे एक टेप विरत असताना दुसरी अलगद चढवता येते. १९९४ च्या डिसेंबरात डीजे पॉल ओकनफोल्डने बीबीसी रेडिओ वनवर ‘गोवा मिक्स’ सादर केला आणि या संगीताचं, म्हणजे गोवा ट्रान्सचं, नाव ब्रिटनभर झालं. त्या संगीताच्या घडणीत या टेपचा वाटा किती, याचा उल्लेख मात्र फार कमी होतो. कॅलिफोर्नियातून येऊन गोव्याचा झालेला गोवा गिल तर क्लबांनी सीडी स्वीकारली तरी डॅट सोडायला तयार नव्हता. चोवीस तास चालणाऱ्या मैफली तो डॅटवर करायचा. २०२३ मध्ये तो गेला.

क्लबांची वाट वेगळी होती. १९९४ मध्ये पायोनियरचं सीडीजे-५०० आलं. त्यात एक सोय रेकॉर्डला कधीच जमली नसती अशी होती: वेग वाढवला तरी सूर चढत नसे. तरीही नावाजलेले डीजे त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हते. २००१ च्या सीडीजे-१००० वर मोठी चकती आली. वरून दाबली की आवाज थांबे, मागे-पुढे फिरवली की रेकॉर्डसारखाच घासल्याचा आवाज येई. आत सीडी आपल्या वेगाने फिरत असे आणि आवाज स्मृतीतून यायचा, पण बोटांना त्याचं काय! त्यानंतर क्लबांचे दरवाजे उघडले.

त्याच सुमारास ॲमस्टरडॅममधल्या एन२आयटी या छोट्या कंपनीने उलटी युक्ती काढली. टर्नटेबल, सुई, रेकॉर्ड, सगळं जसंच्या तसं ठेवायचं; फक्त रेकॉर्डवर गाणं नाही. तिच्यावर एक अखंड कर्कश सूर आणि त्यात गुंफलेला सांकेतिक मजकूर. सुराचा वेग बघून संगणकाला थाळीचा वेग कळतो, डाव्या-उजव्या वाहिन्यांतल्या फरकावरून दिशा कळते आणि मजकुरावरून सुई नेमकी कुठे आहे ते कळतं. मग लॅपटॉपमधलं गाणं तशाच चालीने हलतं. फायनल स्क्रॅच असं त्याचं नाव. रिची हॉटिन आणि जॉन अक्वाविवा या डीजेंनी ते पहिल्यांदा उचलून धरलं. पुढे २००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोने रेन कंपनीबरोबर स्क्रॅच लाइव्ह आणलं आणि हिप-हॉपवाले, घासकामात मुरलेले डीजेसुद्धा वळले. या रेकॉर्डी लॅपटॉपला न जोडता नुसत्या वाजवल्या तर कान किटून जातात. सुईखाली धूळ साचली तर संगणक गोंधळतो आणि गाणं मध्येच घसरतं. म्हणजे रेकॉर्डचे सद्गुण घेताना तिच्या खोडीही बरोबर आल्या, आणि डीजेंनी त्या हौसेने सोसल्या.

२००९ च्या सीडीजे-२००० ने यूएसबीवरून गाणी वाजवायची सोय दिली. ऐंशी-नव्वद रेकॉर्डींचं पंधरा-वीस किलोंचं ओझं खिशातल्या पेनड्राइव्हवर आलं. पाठोपाठ ‘सिंक’चं बटण सर्रास झालं, एका दाबात दोन गाण्यांचे ठोके जुळवणारं, आणि कडाक्याचं भांडण पेटलं. बटण दाबणारा तो कसला डीजे, असं जुने म्हणत. मला या रागाचं नवल वाटतं. ठोके जुळवणं ही कारागिरी होती हे खरं, पण कोणतं गाणं कधी लावायचं हा निर्णय तेव्हाही बोटं घेत नव्हती. तोटा झालाच असेल तर तो ओझं गेल्याने. आज रात्री कोण येणार, काय लागेल, याचा विचार घरी पेटी भरतानाच करावा लागायचा. आता सगळंच बरोबर असतं, त्यामुळे काहीच ठरवून न्यावं लागत नाही.

गंमत पुढेच आहे. २०१६ मध्ये टेक्निक्सने एसएल-१२०० पुन्हा बाजारात आणलं आणि २०१९ मध्ये खास डीजेंसाठी एमके७ काढलं. २०२० च्या सीडीजे-३००० मधून सीडीची खाच गायब झाली. हाताने फिरवायची चकती मात्र जिथल्या तिथे.

आपल्याकडे कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात ज्याला सरळ डॉल्बी म्हणतात, त्या मिरवणुकीच्या डीजेचा रेकॉर्डशी संबंध जवळजवळ आलाच नाही. कॅसेट, मग सीडी, मग एकदम लॅपटॉप. टॉप आणि बेस स्पीकरांच्या भिंती लादलेला ट्रक, मिक्सर, पेनड्राइव्ह. तो आवाज कानांवर आणि गावच्या झोपेवर काय परिणाम करतो, त्याबद्दल कोर्टांनी आणि पोलिसांनी पुरेसं सांगितलंय, आणि त्यात मी त्यांच्या बाजूने आहे. पण संगीत म्हणून बघायचं तर गोव्यात झालं तसंच इथेही झालं. एकमेकांवर गाणी बसवत बसण्यापेक्षा आख्खा रिमिक्स घरीच संगणकावर रचायचा: लावणी किंवा भक्तिगीत, खाली हलगीचा तुकडा फिरवत ठेवलेला, आणि मिरवणूक चौकात थांबते तेव्हा घुमवायला मध्येच एक मोठा धक्का.

या रिमिक्सांत दर मिनिटाला-दोन मिनिटांना कुणीतरी डीजेचं नाव ओरडतं. ऐकणाऱ्याला वैताग येतो, पण त्यामागे कारण आहे. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये पार्ट्या सुरू करणारा डीजे कूल हर्क आपल्या रेकॉर्डींची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा, म्हणजे दुसऱ्याला गाणं कळायला नको. पेनड्राइव्हवरची फाइल एका रात्रीत तालुकाभर पोचते. तिचं लेबल काढून काही उपयोग नाही, म्हणून इथला डीजे नाव थेट गाण्यातच भरतो, तेही असं की कापायला गेलं तर गाणंच तुटावं.