मेंढीच्या कातड्याचे बसकर

जत्रेला गावात मेंढरे कापतात. मटणाचे वाटे पडतात. मुंडी आणि पाय यांनाही गिऱ्हाईक असते. कातडे मात्र कित्येक गावांत उकिरड्यावर जाते. कुत्री ते ओढतात. दोन दिवसांत घाण सुटते आणि येणारे-जाणारे नाकाला पदर लावतात.

त्याच कातड्याचे लोकरीसकट चांगले बसकर होते. थंडीत फरशीवर टाका, खालचा गारवा लागत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या बाजेवर अंथरा, पाठीला ऊब मिळते. नीट राखले तर ते कित्येक वर्षे टिकते. यासाठी लागते काय? मीठ, तुरटी, पाणी, थोडे तेल आणि पंधरा दिवसांची सवड.

कातडे आणि चामडे

कातडे जनावराचे असते. चामडे माणूस करतो. या दोहोंमधले जे काम, त्याला म्हणतात कमावणे. शब्द किती नेमका आहे बघा! पैसा कमवावा लागतो. पैलवानाला शरीर कमवावे लागते. तसे कातडेही कमवावे लागते.

ताज्या कातड्यात निम्म्याहून जास्त पाणी असते. ओल आणि ऊब मिळाली की डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यात वाढतात आणि कातडे खातात. यालाच आपण कुजणे म्हणतो. कुजायला लागलेले कातडे कसे ओळखावे? चिमटीत लोकर धरून ओढा. ती मुळासकट हातात आली, तर कातडे कुजू लागले म्हणून समजा. मग त्याचे बसकर होत नाही.

आता हिरड्याचा एक तुकडा तोंडात धरून बघा. जीभ आखडते, तोंड कोरडे पडते. हिरड्यात जो तुरट अंश असतो, तो लाळेतल्या अंशाला पकडतो, म्हणून असे वाटते. कातडे हे बारीक धाग्यांचे विणलेले असते. हिरड्याचा तुरट अंश त्या धाग्यांनाही असाच पकडतो. एकदा पकडला गेलेला धागा जंतूंना सहज खाता येत नाही. बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीतही हाच गुण आहे. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावतात ते यासाठीच.

तुरटी ही झाडाची वस्तू नव्हे. तो एक क्षार आहे. पण तीही कातड्याच्या धाग्यांना धरते. सालीने लोकर तांबूस होते, तुरटीने होत नाही. म्हणून लोकर ठेवायची असेल तर तुरटी बरी.

आधी हे वाचा

प्रत्येक कातडे घेण्यासारखे नसते. धडधाकट मेंढरू कापले असेल, तर त्याचेच कातडे घ्यावे.

कळपातले मेंढरू संध्याकाळी चांगले होते आणि सकाळी मेलेले सापडले. नाकातून, तोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर रक्त आले आहे. ते रक्त गोठत नाही. अशा वेळी त्या मेंढराला सुरी लावू नका. हात लावू नका. मटण खाऊ नका. हा फाशी रोग असू शकतो. त्याला अँथ्रॅक्स असेही म्हणतात.

हा रोग माणसाला होतो. अशा जनावराचे कातडे सोलताना हाताला जखम असली, तर तेथे फोड येतो. पुढे त्यावर काळी खपली धरते आणि भोवती सूज येते. पुष्कळदा तो दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. तसे करू नये. लगोलग दवाखाना गाठावा आणि जनावराची हकीकत डॉक्टरांना सांगावी. वेळेवर औषध मिळाले तर माणूस बरा होतो.

कोणी म्हणेल, मीठ लावले की जंतू मरतील. या रोगाचे बीज मिठाने मरत नाही. ते मातीतही वर्षानुवर्षे जिवंत राहते. म्हणून असे जनावर फाडू नये. गुरांच्या डॉक्टरांना कळवावे. ते सांगतील तसे पुरावे किंवा जाळावे. एका कातड्यापायी जीव धोक्यात घालू नये.

कामाला सुरुवात

लोकर कातरून दोन-तीन महिने झालेले मेंढरू बरे. लोकर अंगठ्याच्या पेराएवढी असावी.

सोलताना पोटाच्या मध्यावर चीर द्यावी. पुढे सुरी कमी आणि मूठ जास्त चालवावी. मुठीने ढकलले की कातडे अलगद सुटते. सुरीचा ओरखडा गेला, तर तेथेच पुढे भोक पडते.

मीठ. कातडे निवले की लगेच मीठ लावावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीन-चार तासांहून जास्त थांबू नये. कातड्याचे वजन करा. त्याच्या निम्मे मीठ घ्या. कातडे २ किलो असेल तर मीठ १ किलो. मांसाच्या बाजूला ते सगळीकडे चोळा. कडा आणि मान विसरू नका. मांसाची बाजू आत घेऊन घडी घाला आणि उतरत्या फळीवर ठेवा. पाणी निथळून जाईल. असे चार दिवस ठेवा. घाई म्हणून कडक उन्हात टाकू नका. वरून कडक होते आणि आतून कुजते.

धुणे आणि खरवडणे. पाचव्या दिवशी कातडे रात्रभर गार पाण्यात भिजत घाला. सकाळी ते गोल, गुळगुळीत ओंडक्यावर मांसाची बाजू वर करून पसरा. बोथट सुरीने राहिलेले मांस, चरबी आणि पातळ पापुद्रा खरवडून काढा. हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळे यश यावरच आहे. चरबी राहिली, तर तेथे तुरटी शिरत नाही. मग रिठ्याच्या पाण्याने लोकर धुवा. पाणी गार किंवा अगदी कोमट असावे. कढत पाण्याने कच्चे कातडे आकसते, आणि ते पुन्हा सरळ होत नाही.

तुरटीचे पाणी. प्लॅस्टिकचे किंवा लाकडी भांडे घ्या. लोखंडी घेऊ नका, डाग पडतात. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करीत. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. तुरट साल आणि लोखंड एकत्र आले की काळे होणारच!

१० लिटर पाण्याला १ किलो तुरटी आणि अर्धा किलो मीठ घ्या. तुरटी कुटून थोड्या गरम पाण्यात विरघळवा. ती बाकीच्या पाण्यात मिसळा आणि पाणी गार होऊ द्या. मीठ कशाला? तुरटीचे पाणी आंबट असते. नुसत्या आंबट पाण्यात कातडे फुगते आणि बिघडते. मीठ ते फुगू देत नाही.

या पाण्यात कातडे पूर्ण बुडवा. दिवसातून तीन-चार वेळा लाकडाने हलवा. पाच-सहा दिवस ठेवा. हातावर जखम असेल तर रबरी हातमोजे घाला. मुले आणि जनावरे यांपासून भांडे दूर ठेवा.

झाले की नाही, हे कसे कळावे? मानेजवळच्या जाड भागाची बारीक कातर कापून बघा. कापलेली कड आरपार पांढरी दिसली तर काम झाले. मध्ये निळसर, काचेसारखी रेघ दिसली तर अजून दोन दिवस थांबा.

वाळवणे आणि मळणे. कातडे काढून एक दिवस निथळू द्या. मग चौकटीला ताणून बांधा आणि सावलीत वाळवा. अर्धी वाटी एरंडेल, दोन चमचे साबणाचा चुरा आणि वाटीभर कोमट पाणी बाटलीत घालून खूप हलवा. कातडे थोडे ओले असतानाच मांसाच्या बाजूला हे तेलपाणी चोळा. मग कातडे चौकटीवरून सोडा. फळीच्या बोथट कडेवर ते पुढे-मागे ओढा, जसे धुणे पिळतो तसा जोर लावून. वाळता वाळता पुन्हा पुन्हा ओढा. दोन-तीन दिवस हे केले की कातडे मऊ आणि पांढरे होते. केले नाही, तर ते फळीसारखे ताठ राहते.

शेवटी मांसाची बाजू काचकागदाने घासा. लोकर विंचरा. बसकर तयार झाले.

उरलेले पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा शेतात ओतू नका. मिठाने जमीन बिघडते. विहिरीपासून दूर, पडीक जागी खड्डा करून त्यात टाका. मोठ्या कारखान्यांत क्रोम नावाच्या धातूच्या क्षाराने चामडे लवकर कमावतात. ते घरी करू नये. त्याचे सांडपाणी माणसाला आणि जमिनीला बाधते.

बसकर कसे राखावे

तुरटीने कमावलेले कातडे पाण्यात भिजवू नये. तुरटी धुऊन जाते आणि कातडे पुन्हा कच्चे होते. मळले तर ओल्या फडक्याने पुसावे आणि सावलीत वाळवावे. लोकरीला कसर लागते. म्हणून महिन्यातून एकदा झटकून थोडे कोवळे ऊन दाखवावे. ठेवताना घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा.

हे ज्ञान कोणाचे?

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हे सगळे पुस्तकातून निघालेले नाही. किती साल, किती दिवस, हात कसा चालवायचा, हे ढोर समाजाच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळले. गावाने त्यांच्या हातची मोट वापरली, वहाण वापरली, आणि त्यांनाच गावाबाहेर ठेवले. हा न्याय नव्हता.

गांधीजींनी १९३४ साली 'हरिजन' साप्ताहिकात खेड्यातल्या या धंद्याविषयी लिहिले. त्याच दशकात वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले. कातडे गावातच कमावले जावे, ते स्वच्छपणे व्हावे आणि काम करणाऱ्याला मान मिळावा, हा त्यामागचा विचार होता.

कुजलेले कातडे घाण असते. कमावणारे हात घाण नसतात. ते हात घाण थांबवतात. तुमच्या गावात हे काम जाणणारा कोणी म्हातारा माणूस असेल, तर पहिले कातडे त्याच्या शेजारी बसून करा. त्याला गुरुजी म्हणा.

आठवा आणि सांगा

१. कातडे कुजू लागले हे कशावरून ओळखाल?
२. तुरटीच्या पाण्यात मीठ का घालतात?
३. ३ किलो कातड्याला लावायला किती मीठ घ्याल?
४. कोणत्या मेंढराला सुरी लावू नये? का?