आधी लॅपटॉप बघा, मग लिनक्स

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट्ससाठी वर्षभराची मुदतवाढ मिळाली, पण वर्ष संपायला कितीसा वेळ लागतो! विंडोज ११ टाकायला जावं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा हवा. त्यामुळे ठणठणीत चालणारे, एकही कळ न निखळलेले कितीतरी लॅपटॉप एका रात्रीत बाद ठरले. ‘त्यावर लिनक्स टाकून बघू का?’ असं आता एरवी या वाटेला न गेलेली माणसंही विचारू लागली आहेत.

त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कुठला लिनक्स? मग उबंटू की मिंट, फेडोरा की डेबियन, यावर जाणकारांचं भांडण जुंपतं आणि विचारणारा बिचारा हळूच विंडोजकडे परततो. माझं मत असं, की नवशिक्याचं लिनक्स जमणार की फसणार हे डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या कुठल्या अवतारावर, फारसं ठरत नाही. ते ठरतं खाली कुठलं यंत्र आहे आणि त्यावर काय काम करायचंय यावर.

डिस्ट्रोचा निकाल म्हणूनच पटकन लावून टाकू. लिनक्स म्हणजे मुळात कर्नल, यंत्राच्या भागांना कामाला लावणारा गाभा. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये तो लिहायला घेतला. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये तोच आहे आणि जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांमध्येही. या गाभ्याभोवती खिडक्या, मेनू, ब्राउझर, ऑफिस असा संसार मांडून जे पॅकेज तयार होतं, ते डिस्ट्रिब्युशन उर्फ डिस्ट्रो. विंडोजची सवय असलेल्याने सरळ लिनक्स मिंट घ्यावा, त्यातला सिनॅमन डेस्कटॉप. डावीकडे खाली मेनू, उजवीकडे घड्याळ. हात आपोआप चालतो. रॅम चारच जीबी असेल तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्या. मिंटच्या २२व्या मालिकेला अपडेट्स २०२९पर्यंत मिळणार आहेत. बस्स, याहून जास्त खल पहिल्या वर्षी करू नका.

आता यंत्र. जुना लॅपटॉप घरात असेल तर प्रश्नच नाही, तोच वापरा. घ्यायचाच असेल तर नवा कोरा घेऊ नका, असं मी सांगेन. अगदी नव्या मॉडेलमधलं वायफाय किंवा साउंडचं हार्डवेअर कधी कधी लिनक्सच्या कर्नलला ओळखीचं व्हायला काही महिने जातात. त्यापेक्षा कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेले ऑफिसचे लॅपटॉप बघा : लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही मोठ्या शहराच्या कॉम्प्युटर बाजारात ते ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मांडलेले असतात. लिनक्सवर काम करणारे अनेक प्रोग्रामर स्वतःच ही यंत्रं वापरतात, त्यामुळे त्यांच्यातल्या खोडी आधीच दुरुस्त झालेल्या असतात.

दुकानात गेल्यावर प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. नुसतं ‘आय-५ आहे’ यावर विश्वास ठेवू नका, कारण आय-५ २००९पासून येतोय. आय-५च्या पुढे ७२०० असेल तर तो सातव्या जनरेशनचा, ८२५० असेल तर आठव्या, १०२१० असेल तर दहाव्या. गंमत अशी, की सहाव्या-सातव्या जनरेशनला विंडोज ११ने दारातूनच परत पाठवलंय, पण लिनक्स त्यावर मजेत चालतो. थिंकपॅड टी-४७० हा याच गटातला. घासाघीस करायला हा मुद्दा हाताशी ठेवा. रॅम आठ जीबी हवी. आणि डिस्क एसएसडीच हवी, जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर दुकानदाराकडून आधी बदलून घ्या. जुना लॅपटॉप नवा वाटायला लागतो तो मुख्यतः एसएसडीमुळे, हे लिनक्सप्रेमी सहसा कबूल करत नाहीत! वायफायची चिप इंटेलची असली तर डोकेदुखी कमी; ब्रॉडकॉमची असली तर ड्रायव्हर वेगळा टाकायची वेळ येऊ शकते. गेमिंगचं मोठं एनव्हिडिया कार्ड नवशिक्याला नकोच.

प्रिंटरचं मात्र नीट बघा. एचपीचे बहुतेक प्रिंटर जोडले की चालतात, कारण कंपनीच लिनक्ससाठी ड्रायव्हर देते. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या ऑफिसापर्यंत दिसणारा कॅनॉनचा एलबीपी २९०० मात्र वेगळ्या ड्रायव्हरवर चालतो आणि तो बसवताना नवशिक्याचा घामटा निघतो.

कामाचा प्रश्न याहून मोठा. ब्राउझर, बँक, ईमेल, यूट्यूब, पत्रं, हिशेबाच्या शीट्स एवढंच असेल तर काही अडत नाही. लिब्रेऑफिस मिंटमध्ये आयतंच येतं. टॅली, ऑटोकॅड, फोटोशॉप यांवर पोट असेल तर लिनक्सच्या नादी लागू नका. डिजिटल सिग्नेचरची यूएसबी वापरत असाल तर आधी तपासा. अशा कामांची बरीच सॉफ्टवेअर विंडोज गृहीत धरून लिहिलेली असतात.

मराठी लिहिणाऱ्यांची एक अडचण खास आपली आहे. मजकूर युनिकोडमध्ये असेल, म्हणजे मंगल वगैरे फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर तो लिनक्सवर जसाच्या तसा उघडतो. मंगल तिथे नसतो, त्याच्या जागी नोटो किंवा लोहित येतो आणि फार तर ओळी थोड्या सरकतात. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका हे देखणे फाँट फुकट उतरवून घेता येतात. पण पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये केलेल्या जुन्या फायलींचं तसं नाही. त्यांच्या जुन्या फाँटांत अक्षरांचे संकेत युनिकोडचे नसतात. फाँटने वर मराठी मुखवटा चढवलेला असतो. तो फाँट नसला की पडद्यावर निव्वळ काला. दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजची. सी-डॅकनेच बॉस नावाचा भारतीय लिनक्सही काढलाय, हे लक्षात घेतलं की हसू येतं. डीटीपीवाल्यांनी एक विंडोजचं यंत्र राखावंच. इतरांनी जुन्या फायली विंडोज असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

टायपिंग सोपं आहे. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट जोडायला गेलात की यादीत मराठीचा कगप फोनेटिक सापडतो. इनस्क्रिप्ट बोटांत बसलं असेल तर तेही मिळतं.

हे सगळं खरं की खोटं, ते विकत घेण्याआधी ताडून बघता येतं. मिंटची सुमारे ३ जीबीची फाइल उतरवा आणि विंडोजवर रूफस हे छोटं सॉफ्टवेअर वापरून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात असू द्या. मग लॅपटॉप सुरू होताना डेल किंवा थिंकपॅडवर एफ १२, एचपीवर एफ ९ दाबून पेनड्राइव्ह निवडा. लिनक्स थेट त्यावरून चालू होतो. तुम्ही ‘इन्स्टॉल’ म्हणत नाही तोवर डिस्कला हात लावत नाही. घरच्याच लॅपटॉपवर कायमचा टाकणार असाल, तर आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.

तो पेनड्राइव्ह खिशात घालून दुकानात जा. वायफायला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून बघा, एखादं गाणं लावा, कॅमेरा उघडा, झाकण मिटून पुन्हा उघडा, चार्जर काढून अर्धा तास तसाच चालू ठेवा. दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नसेल, तर दुसरं दुकान बघा.