मोडीत काढण्याआधी

भंडाऱ्याला पितळी भांड्यांचं शहर म्हणतात. म्हणून जवाहरनगर, ठाणा पेट्रोलपंप या बाजूला भांडं बुडाला फुटलं की मोडीत देण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. धातूच तो, वितळेल आणि नवं भांडं होईल, वाया काय जातंय? हा पहिला गैरसमज, आणि तो अर्धा खरा असल्यामुळे जास्त चिवट आहे.

पितळ पुन्हापुन्हा वितळतं हे बरोबरच. पण त्यात तांब्याबरोबर जस्त असतं. तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं, तर जस्त 907 अंशांना उकळायलाच लागतं. त्यामुळे मुशीत पितळ तापलं की थोडं जस्त पांढरा धूर होऊन उडून जातं. ते वरून घालून भरून काढावं लागतं. शिवाय इंधन, मजुरी आणि मोड घेताना धरली जाणारी घट. तुमच्या गुंडाला जी किंमत येते ती धातूची. घडणावळ तिथेच बुडाली. बुडाला बारीक भेग असेल तर डाग लावून काम भागतं. कल्हई उडाली म्हणून भांडं बाद करणं तर निव्वळ उधळपट्टी. कथील 232 अंशांनाच वितळतं. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने फिरवत न्यायचं. काळवंडलेलं बूड बघता बघता चांदीसारखं होतं. कल्हईवाला पूर्वीसारखा दारावर येत नाही हे मान्य, पण बाजारात चौकशी केली तर सापडतो.

विजेच्या वस्तूंचंही तसंच. छताचा पंखा मंद फिरतो म्हणजे मोटर गेली, अशी समजूत घरोघरी. पुष्कळदा बिघडलेला असतो तो कपॅसिटर, ज्याला दुकानात ‘कंडेन्सर’ म्हणतात. तो पंख्याच्या किमतीपुढे किरकोळ आहे. मिक्सर घुर्रघुर्र करतो पण पातं हलत नाही, तेव्हा आधी भांड्याखालचा कपलर पाहावा. ठिणग्या उडत असतील तर कार्बन ब्रश. आणि मोटर खरंच जळली असली तरी वाइंडिंग नव्याने भरून मिळतं. क्वार्टर सोडताना कबाडीला दिलेल्या सामानात अशा कितीतरी चालू शकणाऱ्या वस्तू असतात.

‘आता दुरुस्तीचा हक्क कायद्याने मिळाला आहे,’ असंही ऐकू येतं. तसा स्वतंत्र कायदा भारतात झालेला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये समिती नेमली आणि 24 डिसेंबर 2022 ला एक पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, सेवा केंद्रं मांडायची आहेत. त्याहून मोलाचा मला वाटतो तो दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक, कारण तो वस्तू विकत घेण्याआधीच सावध करतो. फ्रान्समध्ये जानेवारी 2021 पासून काही वस्तूंसाठी तो दहापैकी गुणांत दाखवला जाऊ लागला. आपल्याकडे त्यासाठी नेमलेल्या समितीने मे 2025 मध्ये अहवाल दिला.

बाहेर उघडलं की वॉरंटी संपली, हा धाक मात्र इतका सरसकट गिळू नये. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुटे भाग खुल्या बाजारात न दिल्याबद्दल दंड ठोठावला होता. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून वॉरंटी रद्द अशी सरसकट अट घालू नका, असंही बजावलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, आणि तो आदेश मोटारींपुरताच. मिक्सर-मोबाइलच्या वॉरंटी कार्डावरच्या अटी वाचाव्याच लागतात. सुटा भाग नाकारला किंवा दुरुस्तीला टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1915.

डब्याच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण आहे म्हणजे प्लास्टिक पुनर्चक्रित होणारच, हेही चूक. आतला 1 ते 7 आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. 1 म्हणजे पाण्याची बाटली, 2 म्हणजे शाम्पूची जाड बाटली. यांना कबाडी भाव देतो. चिप्सच्या चमकत्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले, ते सुटे करणं परवडत नाही. दुधाच्या पिशवीला मात्र मागणी असते, फक्त ती धुऊन वाळवलेली हवी. आणि कोपरा पूर्ण कापून टाकू नका, लटकता ठेवा. तो चिमुकला तुकडा वेगळा पडला की कुणाच्याच हाती लागत नाही.

‘कचरा वेगळा करून काय उपयोग, गाडीत सगळं एकत्रच जातं.’ काही ठिकाणी जातं, हे नाकारून चालणार नाही. पण भाजीच्या रसात भिजलेला पुठ्ठा गाडीत चढण्याआधी घरच्या डब्यातच वाया गेलेला असतो. कोरडा ठेवलेला पुठ्ठा, रद्दी, बाटल्या थेट कबाडीकडे गेल्या तर गाडीचा प्रश्नच येत नाही.

जुना मोबाइल, चार्जर आणि वायरी मात्र त्याच पोत्यात घालू नयेत. वायरीतलं तांबं काढायला वरचं आवरण जाळलं जातं. त्या पीव्हीसीच्या धुरातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन निघतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकलेल्या वस्तूंची यादी 21 वरून 106 वर नेली आहे. त्यामुळे नवी वस्तू घेताना जुनी परत घेता का, हे दुकानात विचारावं. फुगलेली मोबाइल बॅटरी चार्जिंगला लावू नये, टोचू नये, कचऱ्याच्या गाडीत तर मुळीच टाकू नये. तिथे दाबली गेली तर ती पेट घेते.