ऑपरेशननंतर कुत्रा रात्रभर का जागतो?

शुक्रवार पेठेत घरं लहान आणि भिंतीला भिंत लागलेली. ऑपरेशन करून आणलेला कुत्रा रात्री अकराला उठून येरझाऱ्या घालू लागला, कण्हू लागला, की आपलं घर तर जागतंच, शेजारचंही जागतं. मग कुणी म्हणतं, लाडावलाय. कुणी म्हणतं, बाहेर बांधा. आणि कुणीतरी डब्यातली दुखण्यावरची गोळी अर्धी मोडून दुधात घालायला सांगतं. हा शेवटचा सल्ला कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची मात्रा चुकली तर यकृतावर आणि रक्तातल्या तांबड्या पेशींवर परिणाम होतो. शिवाय पशुवैद्यांनी बहुधा मेलॉक्सिकॅमसारखं औषध आधीच दिलेलं असतं. ते आयबुप्रोफेनच्याच जातीचं, म्हणजे वर दुसरी गोळी घातली की अपाय वाढतो. कुणी गोळी दिलीच असेल तर लपवू नका. कोणती, किती आणि किती वाजता, हे लगेच डॉक्टरांना सांगा.

आता जागण्याचं कारण शोधू. पहिल्या रात्रीचं कारण बऱ्याचदा भुलीचं औषध असतं. आपल्याकडे कुत्र्यांच्या भुलीसाठी केटामीन आणि झायलाझीन पुष्कळ वापरतात. भूल उतरताना कुत्रा झोकांड्या खातो, भिंतीकडे बघून रडतो, कधी घरच्या माणसालाही ओळखत नाही. हे साधारण १२ ते २४ तासांत ओसरतं. तोवर दिवा मंद ठेवा, सारखं हाका मारून हलवू नका आणि लहान मुलांना लांब ठेवा. एरवी गरीब असलेला कुत्राही या गुंगीत चावू शकतो. भुलीनं अंग गार पडतं, म्हणून पहिल्या रात्री पंखा थेट अंगावर नको. पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय खायला घालू नका, घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

दुसरं कारण अगदी साधं, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही. ऑपरेशनच्या वेळी सलाईन चढवलेलं असतं, त्यामुळे लघवी जास्त होते. घरात घाण न करण्याची सवय असलेला कुत्रा मग दाराशी जाऊन कुईकुई करतो. झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्रीनंतर एकदा त्याला पट्टा बांधून सावकाश बाहेर न्या. जिना असेल तर एक हात छातीखाली आणि एक मांड्यांखाली घालून उचला. पोटाच्या टाक्यांवर भार येऊ देऊ नका.

यातलं काही नसेल तर दुखणं धरून चाला. दुखणारा कुत्रा ओरडेलच असं नाही. तो बसतो आणि लगेच उठतो, पाठीला पोक काढून उभा राहतो, थरथरतो, खोली थंड असतानाही धापा टाकतो. वही घ्या आणि औषध किती वाजता दिलं, अस्वस्थपणा किती वाजता सुरू झाला, ते लिहून ठेवा. चोवीस तासांनी द्यायच्या औषधाचा जोर पहाटेच ओसरत असेल तर ते या वहीवरून डॉक्टरांना कळतं; ते वेळ बदलून देतात किंवा जोडीला दुसरं औषध देतात. आपण होऊन मात्रा वाढवू नये. ट्रॅमाडॉलसारख्या औषधानं काही कुत्रे उलट बेचैन होतात, तेही वहीत दिसतं.

सोलापूरचा उन्हाळा हे आणखी एक कारण. पारा चाळिशीपार गेला की निरोगी कुत्राही धापा टाकतो, मग दुखण्याची धाप आणि उकाड्याची धाप वेगळी ओळखणार कशी? दुसऱ्या रात्रीपासून त्याला वाऱ्याच्या जागी ठेवा, पाणी थोडं थोडं द्या आणि तासाभरानं पाहा. गारव्यानं धाप थांबली तर उकाडाच होता. शहाबादी फरशी गार असते, पण अशक्त कुत्र्याचे पाय तिच्यावर घसरतात आणि टाक्यांना ताण बसतो. घरात जुनी सोलापुरी चादर असेलच, तिच्या दोन घड्या करून फरशीवर घाला. कॉटवर मात्र झोपवू नका, रात्री उडी मारेल.

गळ्यातलं प्लास्टिकचं नरसाळं बघून जीव कळवळतो आणि रात्री ते काढलं जातं. टाके चाटून उसवण्याचे प्रकार नेमके तेव्हाच होतात. तो नरसाळ्याला अगदीच जुमानत नसेल तर डॉक्टरांना विचारून जुना टी-शर्ट घाला, पुढचे पाय बाह्यांतून काढून कापडाची गाठ पाठीवर मारा. जखमेवर हळद, राख, तेल काही लावू नका.

आवाजाचाही विचार हवा. १४ एप्रिलच्या सुमारास आपल्या वस्त्यांत मिरवणुकांचे ढोल आणि डीजे असतात, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचं शोभेचं दारूकाम असतं. नसबंदीसारखं थांबू शकणारं ऑपरेशन त्या आठवड्यात ठेवू नये असं आम्हाला वाटतं. पण पिशवीत पू झालेल्या मादीचं ऑपरेशन थांबत नाही. माजावर येऊन काही आठवडे झाले आहेत, ती खूप पाणी पिते, ओकते, खात नाही, कधी मागून घाण स्राव येतो, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढील गोष्टींत सकाळची वाट पाहू नका: हिरड्या पांढरट पडणं, पोट फुगणं, नुसते कोरडे उमाळे येणं, टाक्यांतून रक्त ठिबकत राहणं, दिवसभरात लघवी न होणं, शांत पडलेला असताना श्वासाला कष्ट पडणं. हिरडी बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. कुत्र्याचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं; १०३ च्या वर गेलं तर फोन करा. तो फोन कुणाला करायचा हे दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्या. १९६२ हा सरकारी क्रमांक मुख्यतः पशुधनाच्या फिरत्या दवाखान्यांसाठी आहे, रात्री त्याच्या भरवशावर राहू नका.

बहुतेक कुत्रे तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून झोपू लागतात. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर घरातल्या एकानं त्याच्याशेजारी जमिनीवर अंथरूण घालावं. हात लागेल इतक्या अंतरावर माणूस असला की पुष्कळ कुत्रे उठायचे थांबतात. आणि एकदा शांत झोपू लागलेला कुत्रा पाचव्या-सहाव्या रात्री पुन्हा येरझाऱ्या घालू लागला, तर सकाळी टाके डॉक्टरांना दाखवा, आत पू धरत असण्याची शक्यता असते.