तरुणांतील थकवा व सांधेदुखी : सिकलसेलची ओळख

ऐन विशीतील तरुण अर्धा दिवस शेतात राबून गळून जातो. थंडी पडली की त्याची हाडे व सांधे ठणकू लागतात. घरची माणसे त्याला आळशी म्हणतात, तर शेजारी बाहेरची बाधा झाल्याचे मानतात. अशा तक्रारींची कारणे अनेक असू शकतात. तथापि गुजरातमधील डांग व तापी, मध्य प्रदेशातील झाबुआ व बडवानी आणि महाराष्ट्रातील नंदुरबार व गडचिरोली या भागांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची शक्यता ध्यानात घेणे अगत्याचे आहे. भारतात हा विकार १९५२ साली निलगिरी भागात प्रथम आढळला.

निरोगी तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असून सुमारे १२० दिवस जगतात. या विकारात हिमोग्लोबिनच्या घडणीत दोष असल्याने प्राणवायू कमी पडताच त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात. अशा पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात. त्यामुळे रक्तक्षय व थकवा येतो. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या म्हणजे असह्य वेदना होतात.

हा रोग स्पर्शाने अथवा सहवासाने होत नाही. माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यास रोग होतो. एकाकडूनच आल्यास ती व्यक्ती केवळ वाहक ठरते व सामान्यतः निरोगी राहते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के असते. म्हणून विवाहापूर्वी रक्ततपासणी हितावह होय. वाहक व्यक्तीस कमी लेखणे मात्र सर्वथा अनुचित आहे.

रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे व अतिश्रम टाळावेत. फॉलिक आम्ल व हायड्रॉक्सियुरिया ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. तपासणीवाचून लोहाच्या गोळ्या दीर्घकाळ घेऊ नयेत. ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन करण्याचे त्याचे उद्दिष्ट असून बाधित भागांत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. वारंवार गैरहजर राहणाऱ्या किंवा हातपाय दुखत असल्याचे सांगणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी दोष देण्यापूर्वी आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. रक्ताचा एक थेंब अनेक वर्षांच्या यातनांचे कारण उलगडू शकतो.