जुन्या वादकाची नवी तबकडी

१९७२ साली अमेरिकेत माइल्स डेव्हिस या नामांकित ट्रम्पेटवादकाची ‘ऑन द कॉर्नर’ ही तबकडी निघाली आणि जाझच्या दरबारात एकच गलका उडाला. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ मधील त्याचे शांत, मोजके सूर ज्यांच्या कानांत मुरले होते, त्यांना हा निव्वळ गोंगाट वाटला. समीक्षकांनी तर तिला झोडपूनच काढले. चाहते मात्र बचावाला उभे राहिले.

‘माइल्स थोर, म्हणून तबकडीही थोर’ हा बचाव मला मुजरेगिरीचा वाटतो. तबकडीत काय वाजते ते दाखवावे. येथे ट्रम्पेट मुद्दाम मागे ठेवला आहे. मायकेल हेंडरसनच्या बास गिटारवरील लहानशी सुरावट पुनःपुन्हा फिरते, आपल्याकडे तबलावादनात पेटीवर लेहरा धरतात ना, तशी. आणि तिच्यावर सारी लय खेळते. त्या लयीत बादल रॉय यांचा तबलाही आहे! काळ्या तरुणांपर्यंत पोचावे ही माइल्सची इच्छा. त्या वेळी ती फारशी फळली नाही, खप बेताचाच झाला.

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांची तक्रार निराळी. मूळ वेष्टनावर साथीदारांची नावेच नव्हती. समीक्षकांना चकवण्यासाठी ती गाळली, असे माइल्स सांगे. युक्ती नामी खरी. पण चकले समीक्षक आणि नावे गेली वाजवणाऱ्यांची. त्या साऱ्या ध्वनिमुद्रणांचा सहा चकत्यांचा संच २००७ साली निघाला, तेव्हा माइल्सला जाऊन सोळा वर्षे झाली होती.